अटॅकनंतरचा पहिला आठवडा : हृदयातली फूट वेळेत ओळखता यावी म्हणून नातेवाइकांनी काय करायचं

आण्णांना मे महिन्यात अटॅक आला. चाळीस वर्षं यंत्रमागावर उभं राहिलेला माणूस, आजारपण म्हणून घरी बसलेला मी पाहिला नव्हता. रात्री छातीत जळजळतंय म्हणाले. उन्हाचं असेल, पित्त झालं असेल म्हणून आम्ही सोडा दिला, जिऱ्याचं पाणी दिलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे कारण कुणालाही पटतं. दवाखान्यात पोचलो तेव्हा चौदा तास उलटून गेले होते. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, तिसऱ्या दिवशी आण्णा उठून चहा प्यायले. "आता उद्या वॉर्डात हलवू," असं सांगितलं गेलं.

चौथ्या रात्री अडीचच्या सुमाराला ते उठून बसले. सारखी चादर बाजूला करायचे आणि म्हणायचे, "खिडकी उघड की गं." खिडकी उघडीच होती. पाय गार पडले होते, कपाळाला घाम होता. गॅसचं इंजेक्शन मिळालं आणि मी दीड तास गप्प बसले. पुढे जे कळलं ते असं : हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पडलं होतं.

मी डॉक्टर नाही. अक्कलकोट रोडला एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिते. आण्णांच्या वेळी जे जे विचारलं, समजून घेतलं आणि नंतर डॉक्टरांकडून तपासून घेतलं, ते पायरीपायरीने देते आहे. निदान डॉक्टरच करणार. पण काल रुग्ण कसा होता हे रात्री तीन वाजता ज्याला माहीत असतं, तो बहुतेक वेळा नातेवाईकच असतो.

१. आधी समजून घ्या : फुटतं काय

अटॅकमध्ये हृदयाच्या भिंतीचा एक भाग रक्ताविना मरतो. स्टेंटने हृदयाला रक्त पुरवणारी बंद नळी उघडते, पण मेलेलं मांस परत जिवंत होत नाही. पहिल्या चोवीस तासांत आणि मग साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी तो भाग सगळ्यात नाजूक असतो. हृदय मात्र धडधडतच असतं, आतला दाब भिंतीवर बसतच असतो. अशा वेळी तीन ठिकाणी फूट पडू शकते.

मधला पडदा फाटतो. डाव्या कप्प्यातलं रक्त दाबाने उजव्या कप्प्यात घुसतं, तिथून परत फुप्फुसात जातं आणि शरीराला मिळायचं रक्त कमी होतं. आण्णांचं हेच झालं. पुढच्या बाजूच्या मोठ्या अटॅकमध्ये भोक सहसा टोकाकडे पडतं. खालच्या बाजूच्या अटॅकमध्ये ते मागे, बुडाशी पडतं आणि त्याची वाट वेडीवाकडी असते.

झडपेला धरून ठेवणारा स्नायू तुटतो. डाव्या बाजूच्या झडपेला दोऱ्यांनी बांधून ठेवणारे दोन स्नायू असतात. त्यातल्या मागच्या स्नायूला बहुतेकांमध्ये एकाच नळीतून रक्त मिळतं, म्हणून तोच जास्त वेळा तुटतो. इथे अटॅक छोटा असला तरी भरवसा नाही. झडप मिटत नाही, रक्त उलटं फुप्फुसाकडे जातं आणि काही मिनिटांत माणूस बुडाल्यासारखा धापा टाकतो.

बाहेरची भिंत फुटते. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचतं आणि हृदयाला फुगायला जागाच उरत नाही. पुष्कळदा रुग्ण अचानक कोसळतो. पण काही वेळा रक्त हळूहळू झिरपतं. तेव्हा परत छातीत दुखणं, उलट्या, तगमग, चक्कर येऊन शुद्ध हरपणं असे इशारे आधी मिळतात. कधी तर ही फूट बाहेरच्या पिशवीनेच दाबून धरलेली असते आणि भिंतीला एक खोटा फुगा तयार होतो. तो काही आठवड्यांनीही सापडू शकतो, आणि केव्हाही फुटू शकतो.

हे सगळं दुर्मिळ आहे. नळ्या उघडायचे उपचार नव्हते त्या काळी शंभरातल्या एक ते तीन रुग्णांचा पडदा फाटायचा. आता वेळेत उपचार झाले तर हजारात दोन-तीन. म्हणून घाबरून जाऊ नका. पण इतकं दुर्मिळ आहे म्हणूनच ते चटकन कुणाच्या डोक्यात येत नाही, हेही लक्षात ठेवा.

२. आपला रुग्ण जास्त जोखमीचा आहे का, ते पहा

उशिरा पोचलेला, नळी वेळेत न उघडलेला, वय जास्त असलेला, स्त्री, आणि अटॅक पहिलाच असलेला रुग्ण जास्त जोखमीचा. पहिलाच अटॅक म्हटल्यावर माणसाला हायसं वाटतं. इथे मात्र उलटं आहे. ज्यांच्या नळ्या वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद होत आलेल्या असतात, त्यांच्या हृदयाने आडवाटेने रक्ताची थोडी सोय करून घेतलेली असते. पहिल्याच फटक्यात नळी बंद झाली तर ती सोय नसते.

मधुमेह असलेल्यांना कधी कधी छातीत फारसं दुखतच नाही, त्यामुळे तेही उशिरा येतात. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटकडच्या खेड्यांतून येताना आधी गावातलं इंजेक्शन, मग तालुक्याचा दवाखाना आणि मग सोलापूर, यात निम्मा दिवस सहज जातो. दुखणं नक्की किती वाजता सुरू झालं, ही वेळ भरती होताना न लाजता खरी सांगा. आम्ही "पहाटे" सांगितलं होतं. रात्रीपासून घरी ठेवलं म्हणून बोलणी बसतील, या भीतीने. त्या एका शब्दाने आण्णा कागदावर कमी जोखमीचे झाले.

३. पहिल्या दिवसापासून वही घाला

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. शाळेची साधी शंभर पानी वही चालते. सकाळी, संध्याकाळी आणि रात्री झोपण्याआधी एवढं लिहा :

- मॉनिटरवरचं बीपी, नाडी आणि ऑक्सिजनचा आकडा. ऑक्सिजन लावलेला असेल तर किती लिटरवर, तेही.
- लघवीची पिशवी किती भरली. पिशवीवर आकडे छापलेले असतात.
- हातपाय गरम की गार.
- उताणं झोपता येतं का, किती उशा लागतात.
- बोलणं कसं आहे. पूर्ण वाक्य एका दमात होतं का?
- डॉक्टर राउंडला काय म्हणाले. "छातीत आवाज नाही" असं म्हणाले असतील तर ते तसंच, वेळेसकट.
- टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी झाला आणि त्यात काय लिहिलं आहे.

रोज कारखान्यात टॉवेलच्या नगांचा हिशेब लिहिणारी मी, त्या चार दिवसांत एक आकडा लिहून ठेवला नव्हता. चौथ्या रात्री आण्णांची लघवीची पिशवी संध्याकाळपासून भरलीच नव्हती. हे मला दिसत होतं, पण ते कुणाला सांगायचं असतं हे माहीत नव्हतं. लघवी कमी होणं म्हणजे मूत्रपिंडापर्यंत रक्त पोचत नाही, आणि बीपी घसरायच्या आधीच ते दिसू शकतं.

४. हे दिसलं की थांबू नका

बरा होत चाललेला माणूस एकाएकी बिघडला, ही मुख्य खूण. बाकी सगळं तिच्या पोटात येतं : अचानक धाप, झोपताच न येणं, गार घाम, हातपाय गार, बीपी उतरणं, नाडी फार जलद किंवा एकदम मंद, मानेच्या शिरा फुगणं, नवीन किंवा परत आलेलं छातीतलं दुखणं, विनाकारण उलट्या, शुद्ध हरपणं. आणि तगमग. "जीव घाबरल्यासारखं होतंय," "मला बसव," "मला घरी ने," असं रुग्ण म्हणत असेल तर त्याला गप्प करू नका. मी आण्णांना दोनदा दटावलं की झोपा आता. ते मला अजून बोचतं.

५. सांगायचं कसं, विचारायचं काय

"बघा ना, कसंतरी करतायत" असं म्हटलं तर रात्रपाळीच्या सिस्टरना, ज्यांच्याकडे एकाच वेळी दहा रुग्ण असतात, काय कळणार? तीन वाक्यांत सांगा :

"अटॅकचा आज चौथा दिवस आहे. रात्री दहापर्यंत बरे होते, बीपी १२०च्या आसपास होतं. अडीचपासून धाप आहे, पाय गार आहेत, संध्याकाळपासून लघवी नाही."

मग मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबत ऐकू येणारा जादा आवाज, आहे का ते विचारा : "सर, मॅडम, छातीत नवीन मर्मर ऐकू येतो का? टूडी इको आत्ता, इथंच बेडवर करता येईल का?"

आवाज चढवू नका. दार अडवून भांडण झालं की डॉक्टरांचं अर्धं लक्ष भांडणात जातं. पण उत्तर मिळेपर्यंत हलूही नका. सिस्टर म्हणाल्या "गॅस आहे", तर नम्रपणे म्हणा, "असेल, पण ड्युटीवरच्या डॉक्टरांनी एकदा छाती तपासावी." डॉक्टर आले की वही उघडून त्यांच्या हातात द्या.

६. निदान कसं होतं

आमच्याकडे चार वाजता एक तरुण निवासी डॉक्टर आले. त्यांनी स्टेथोस्कोप लावला, थांबले, मग तळहात आण्णांच्या छातीवर, छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला खालच्या बाजूला ठेवला. मी जवळच उभी होते. त्यांनी माझा हात धरून तिथे ठेवला. झोपलेल्या मांजराच्या पाठीवर हात ठेवावा तशी गुरगुर हाताला लागत होती. "हे काल होतं का?" त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. त्यांनी केसपेपर चाळला. सकाळच्या राउंडला "मर्मर नाही" असं लिहिलेलं सापडलं आणि ते इको मशीन आणायला स्वतः धावले.

पडदा फाटला की असा खरखरीत मोठा मर्मर आणि हाताला लागणारी गुरगुर बहुतेक वेळा मिळते. झडपेचा स्नायू तुटला तर मात्र मर्मर अगदी हलका असू शकतो, कधी नसतोही. दोन्हीकडचा दाब इतक्या झपाट्याने सारखा होतो की आवाज करायला जोरच उरत नाही. बाहेरची भिंत फुटली तर हृदयाचे ठोकेच दबल्यासारखे ऐकू येतात.

टूडी इको, कलर डॉप्लरसह, म्हणजे रक्ताची धार रंगात दाखवणारा. हीच मुख्य तपासणी. मशीन बेडशी आणता येतं, सुई नाही, भूल नाही, पाच-दहा मिनिटांत उत्तर. आण्णांच्या इकोत करड्या चित्रात मधल्या पडद्याच्या टोकाशी केशरी-पिवळी धार सळसळताना दिसली, प्रत्येक ठोक्याला एकदा. बाहेरची भिंत झिरपत असेल तर हृदयाभोवती काळी पट्टी किंवा रक्ताची गुठळी दिसते. स्नायू तुटला असेल तर झडपेचं पान सुटल्या पडद्यासारखं फडफडतं, आणि कधी तुटलेला तुकडाच आतबाहेर करताना दिसतो.

टीईई. अन्ननलिकेतून नळी घालून हृदयाच्या मागून केलेला इको. झडप अगदी जवळून दिसते. साध्या इकोत चित्र नीट येत नसेल, रुग्ण जाड असेल किंवा व्हेंटिलेटरवर असेल, तर हा उपयोगी पडतो. धाप लागलेल्या रुग्णात तो जपूनच करावा लागतो, म्हणून डॉक्टर वेळ घेत असतील तर समजून घ्या.

उजव्या बाजूचं कॅथेटर. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून नळी घालून उजव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यातलं रक्त तपासतात. खालच्या कप्प्यातल्या रक्तात ऑक्सिजन एकदम वाढलेला आढळला, तर डावीकडचं शुद्ध रक्त मध्येच कुठूनतरी मिसळतं आहे. पडद्याच्या भोकाचा हा पक्का पुरावा.

सीटी आणि एमआरआय सहसा स्थिर रुग्णासाठी. खोटा फुगा आणि खरा फुगा यांतला फरक त्यात चांगला कळतो : खोट्याचं तोंड अरुंद असतं, खऱ्याचं रुंद. बीपी पडत असलेल्या रुग्णाला एमआरआयच्या बोगद्यात घालत नाहीत. सीटीच्या आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्त तपासणी) बघतात, कारण सीटीसाठी शिरेतून देतात त्या डायचा ताण मूत्रपिंडावर येतो.

७. इथे फसगत होते

*"इको झालाय, नॉर्मल होता."* कधी झाला होता? पहिल्या दिवशीच्या इकोत चौथ्या दिवसाची फूट कशी दिसणार? नवीन बिघाडाला नवीन इको लागतो.

*घाईतला इको.* खालच्या बाजूच्या अटॅकमधलं मागचं भोक नेहमीच्या कोनातून निसटू शकतं. रुग्ण बिघडतोच आहे आणि इकोत काही नाही, असं झालं तर विचारा : "हृदयरोगतज्ज्ञ एकदा वेगळ्या कोनातून पाहतील का? टीईई लागेल का?"

*न्यूमोनिया, दमा.* फुप्फुसात पाणी भरलं की एक्स-रे पांढरा दिसतो. झडपेची गळती कधी फुप्फुसाच्या एकाच भागात जोराने जाते, मग ते चित्र हुबेहूब न्यूमोनियासारखं वाटतं. ताप नाही आणि धाप मिनिटांत वाढली, हे तुम्ही सांगायलाच हवं.

*ईसीजीत बदल नाही.* ईसीजी नळी बंद आहे का हे सांगतो. पडदा शाबूत आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

*परत स्टेंटच बंद झाला असेल.* ही शंका रास्तच आहे आणि तीही तपासावी लागते. पण अँजिओला नेण्याआधी दोन मिनिटं इकोचा प्रोब छातीवर फिरला, तर वाट चुकत नाही.

८. मोठ्या ठिकाणी हलवायचं ठरलं तर

निदान झालं की प्रश्न येतो हृदयाच्या ऑपरेशनचा. स्नायू तुटला असेल किंवा भिंत फुटली असेल तर ऑपरेशन तातडीचं. पडद्याच्या भोकात मात्र डॉक्टर कधी काही दिवस थांबू पाहतात. ओल्या भिंतीत खिळा ठरत नाही, तसे मऊ पडलेल्या मांसात टाके टिकत नाहीत. थांबता येईल की नाही, हे रुग्णाचं बीपी आणि मूत्रपिंड ठरवतात. तोवर जांघेतून बलून पंप बसवून हृदयावरचा भार कमी करतात. ऑपरेशनलाही मोठी जोखीम आहे, पडद्याच्या ऑपरेशनमध्ये शंभरातले सुमारे चाळीस रुग्ण वाचत नाहीत. नुसत्या औषधांवर मात्र फारच थोडे वाचतात. हे आकडे आम्हाला एका डॉक्टरांनी खुर्ची ओढून समोर बसून सांगितले, आणि त्यामुळेच आम्ही अर्ध्या तासात ठरवू शकलो.

निघण्याआधी पोचायच्या हॉस्पिटलला फोन करून विचारा : हृदयाचे सर्जन आज आहेत का, आयसीयूत बेड नक्की आहे का, बलून पंपावरचा रुग्ण घेतील का. आम्ही आण्णांना पुण्याला नेलं, सोलापूरहून सुमारे अडीचशे किलोमीटर. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, प्रत्येक गाव मोजत गेलो. गाडीत व्हेंटिलेटर आणि सोबत डॉक्टर हवेच. १०८ला फोन करताना रुग्ण कशावर आहे ते स्पष्ट सांगा.

सोबत घ्यायचे कागद :

- रेफरचं पत्र, सही-शिक्क्यासह
- पहिल्या दिवसापासूनचे ईसीजी, झेरॉक्स नको, मूळ असतील तर मूळ
- अँजिओची सीडी आणि इकोचे दोन्ही रिपोर्ट, जुना आणि नवा. इकोची चित्रफीत मिळाली तर फारच उत्तम
- रक्त तपासण्या : क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, रक्तगट
- रक्त पातळ करायच्या गोळ्या-इंजेक्शनांची नावं आणि शेवटचा डोस किती वाजता दिला. सर्जन हे सगळ्यात आधी विचारतात
- रेशन कार्ड आणि आधार, दोन्हींच्या पाच-पाच झेरॉक्स
- तुमची वही

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी आधी खात्री करा की ते हॉस्पिटल योजनेत आहे आणि हृदयाच्या ऑपरेशनसाठी आहे. पोचल्या पोचल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठा. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी घेता येते, त्यामुळे "आधी कागद पूर्ण करा" एवढ्यावर अडून बसू नका. रक्तदात्यांसाठी दोन नातेवाईक मागून वेगळ्या गाडीने निघू द्या.

९. घरी आल्यावर

सहा ते बारा आठवड्यांत परत इको असतो, तो चुकवू नका. ऑपरेशनमध्ये भोकावर शिवलेल्या पॅचच्या (ठिगळाच्या) कडेने गळती आहे का, हृदयाची ताकद किती परत आली, टोकाशी रक्ताची गुठळी किंवा फुगा तयार झाला आहे का, हे त्यात बघतात. काही आठवड्यांनी ताप येऊन छातीत दुखलं, खोल श्वास घेताना किंवा झोपल्यावर वाढलं आणि पुढे वाकून बसल्यावर कमी झालं, तर ती हृदयाभोवतीच्या पिशवीची सूज असू शकते. तिला उपचार आहेत, पण इको करून पिशवीत पाणी नाही ना, हे बघून घ्यावं लागतं. एका बाजूचा हात लुळा पडला किंवा तोंड वाकडं झालं तर मिनिट न घालवता हॉस्पिटल.

आण्णांच्या तिसऱ्या महिन्याच्या इकोत पॅचच्या कडेला बारीक गळती दिसली आणि आम्ही पार गळाठलो. पुण्याच्या इकोची सीडी पिशवीत होती. सोलापुरातल्या डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी लावून पाहिली. गळती ऑपरेशननंतर होती तेवढीच आहे, हे दहा मिनिटांत ठरलं आणि आण्णा रिक्षाने घरी आले.